भागीदारीचा दावा: वकिलाकडे दिलेले कागद समोरच्याला दाखवावे लागतात का?

कापूसगाठ (चोपडा):
नमस्कार मंडळी. जिनिंग-प्रेसिंगची भागीदारी पेढी, भागीदार तीन. पेढी मोडून हिशेब मिळावा म्हणून एकाने २०१६ मध्ये दावा लावला. दाव्याची किंमत ४० लाख, वरिष्ठ स्तर न्यायालयात चालू आहे. वादीने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ नियम १२ खाली, म्हणजे समोरच्याकडचे कागद शपथेवर उघड व्हावेत म्हणून, अर्ज दिला होता, तो मंजूर झाला. आता उरलेल्या दोन भागीदारांनी, म्हणजे प्रतिवादी १ आणि २ यांनी, कागदपत्रांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं आहे.

हाताशी काय काय आहे ते सांगतो. २०१२ पासूनच्या रोकडवह्या आणि खातेवह्या (दोन वह्या गुजरातीत), काटा पावत्यांची पुडकी, सरकी विक्रीचं रजिस्टर, वकिलांचा २०१४ चा लेखी सल्ला, २०१६ मध्ये वकिलांना पाठवलेली ईमेल, नोटिशीचा कच्चा मसुदा, आणि सीएने काढलेला ताळमेळाचा अहवाल. बहुतेक सगळं २०१६ पासून वकिलांच्या कपाटात आहे. पेढीवर सगळे म्हणतात, वकिलाच्या ताब्यातल्या कागदाला कुणी हात लावू शकत नाही. हे खरं का?

निशाणी_पाच (जळगाव):
नाही. कपाट कुणाचं आहे याला महत्त्व नाही. प्रिव्हिलेज, म्हणजे उघड न करण्याचं संरक्षण, असतं ते अशील आणि वकील यांच्यातल्या बोलण्याला, मग ते तोंडी असो, पत्रातलं असो वा ईमेलमधलं. रोकडवही हे वकिलाशी केलेलं बोलणं नव्हे. ती धंद्याच्या ओघात लिहिली गेली, दाव्याच्या आधीपासून आहे. ती वकिलाकडे दिली, सीएकडे दिली की बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली, तिचं स्वरूप तेच राहतं. नियम १२ मध्ये शब्द आहेत ‘ताब्यात किंवा अधिकारात’. वकिलाकडे ठेवलेली वही तुम्ही मागितली की परत मिळते, म्हणजे ती तुमच्या अधिकारात आहे.

शिवाय तुमच्या बाबतीत वह्यांवरून भांडायला जागाच नाही. भागीदारी अधिनियम १९३२ चं कलम १२(ड) प्रत्येक भागीदाराला पेढीच्या वह्या पाहायचा आणि उतरवून घ्यायचा हक्क देतं. वादी भागीदारच आहे. काटा पावत्या आणि सरकीचं रजिस्टर त्याच रांगेत.

सल्ला, ईमेल आणि मसुदा यांचा विचार वेगळा. पण आधी एक सांगा: २०१४ चा सल्ला कुणी मागितला होता? पेढीने की तुम्ही दोघांनी?

तालुका_बार:
निशाणी_पाच, एवढं सरसकट सांगू नका. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३२ वाचा. वकिलाला व्यवसायाच्या ओघात ज्या दस्तऐवजाची माहिती झाली, त्यातला मजकूर किंवा त्याची स्थिती त्याने अशिलाच्या स्पष्ट संमतीशिवाय सांगायची नाही, असं स्वच्छ लिहिलंय. वह्या वकिलाने पाहिल्या, म्हणजे त्या कलम १३२ मध्ये आल्या.

निशाणी_पाच (जळगाव):
कलम नीट वाचलंत, फक्त त्याचा निष्कर्ष चुकला. बंदी आहे ती वकिलाने मजकूर *सांगण्यावर*. वकिलाला पिंजऱ्यात उभं करून ‘त्या वहीच्या पान ४० वर काय होतं’ असं विचारता येणार नाही. वही स्वतः न्यायालयात आणायला सांगणं ही वेगळी गोष्ट.

यावर आता शंका ठेवायचं कारण उरलेलं नाही. तपास यंत्रणा वकिलांना समन्स काढू लागल्या तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती, त्यात ३१ ऑक्टोबर २०२५ ला निकाल आला. विषय फौजदारी तपासाचा होता, पण दस्तऐवजांबद्दलचं सूत्र दोन्हीकडे लागू पडतं: वकिलाच्या किंवा अशिलाच्या ताब्यातले दस्तऐवज हजर करण्याला कलम १३२ ची ढाल नाही. दिवाणी प्रकरणात ते हजर करणं कलम १६५ आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १६ नियम ७ यांनुसार चालेल, आणि हरकत असेल तर ती न्यायालय ठरवेल.

पांझराकाठ (धुळे):
दोघांनाही एक दुरुस्ती. दावा २०१६ चा आहे. नवा साक्ष अधिनियम १ जुलै २०२४ पासून अंमलात आला आणि त्याच्याच कलम १७०(२) प्रमाणे त्याआधी प्रलंबित असलेली कामं १८७२ च्या जुन्या पुरावा अधिनियमानेच चालतात. म्हणून कापूसगाठ यांच्या प्रतिज्ञापत्रात कलम १३२, १३४, १६५ लिहू नका. १२६, १२९ आणि १६२ लिहा. मजकुरात फार फरक नाही, पण चुकीच्या कायद्याची कलमं दिसली की समोरचा वकील युक्तिवादाची सुरुवात तिथूनच करतो.

जोडीला १२७ आणि १२८ पण लक्षात ठेवा. १२७ प्रमाणे वकिलाचा कारकून, नोकर आणि दुभाषी यांनाही तेच बंधन आहे. १२८ म्हणतं की पक्षकाराने साक्ष दिली म्हणजे वकिलाला तोंड उघडायची परवानगी दिली असं होत नाही. नव्या कायद्यात १२६ आणि १२७ एकत्र होऊन १३२ झालं, १२८ चं १३३, १२९ चं १३४.

आणि हो, ही कमर्शियल सूट नाही हेही एकदा तपासून घ्या. भागीदारी करारातला वाद कमर्शियल कोर्ट्स कायद्यात बसतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर मर्यादा ३ लाखांवर आली, पण ती दुरुस्ती ३ मे २०१८ आणि त्यानंतर दाखल झालेल्या दाव्यांना आहे. २०१६ मध्ये मर्यादा १ कोटी होती. तुमचा ४० लाखांचा, म्हणून साधा दावा, साधाच आदेश ११. तोच दावा आज लावला असता तर गोष्ट निराळी असती. तिथे समोरच्याने अर्ज देण्याची वाट पाहायची नसते. वादीने दाव्यासोबत आणि प्रतिवादीने कैफियतीसोबत (लेखी उत्तरासोबत) आपल्या बाजूचे आणि आपल्या विरुद्ध जाणारे, दोन्ही प्रकारचे कागद यादीत द्यायचे, आणि ही जबाबदारी दावा निकाली निघेपर्यंत चालू राहते.

कापूसगाठ (चोपडा):
बरं झालं सांगितलं. कमर्शियल नाही, स्पेशल सिव्हिल सूट म्हणूनच नंबर आहे. निशाणी_पाच साहेब, २०१४ चा सल्ला पेढीच्या लेटरहेडवर मागितला होता, तेव्हा तिघं एकत्र होते. विषय होता भागीदारी करारातलं निवृत्तीचं कलम. २०१६ ची ईमेल आणि मसुदा मात्र आमच्या दोघांच्या वकिलांसोबतचा. वकील तेच.

निशाणी_पाच (जळगाव):
मग २०१४ चा सल्ला वादीपासून लपवता येणार नाही. तिघांनी मिळून एका वकिलाला विचारलं, तर बाहेरच्या माणसाविरुद्ध तिघांचं प्रिव्हिलेज आहे, आपापसात नाही. तो कागद सरळ यादीच्या पहिल्या भागात टाका. त्यात तुमच्या विरुद्ध काही असेल तरी टाका. वादीकडे त्याची प्रत असण्याचीच शक्यता जास्त. तुम्ही दडवला आणि त्याने उलटतपासात काढून दाखवला, तर बाकीच्या खऱ्या हरकतींवरही न्यायाधीशांचा विश्वास राहत नाही.

वकील तेच आहेत हा मुद्दा मला जास्त खटकतो. पेढीचे वकील म्हणून वादीने त्यांना जे सांगितलं, ते वादीचंही गुपित आहे, आणि वकिलावरचं बंधन काम संपल्यावरही सुटत नाही. वादीने यावर हरकत घेतली तर वकीलपत्राचाच प्रश्न उभा राहील. हे त्यांच्याशी आजच बोला.

२०१६ ची ईमेल आणि मसुदा सुरक्षित. नोटीस प्रत्यक्ष पाठवली असेल तर पाठवलेली नोटीस उघड, पण तिचा कच्चा मसुदा आणि त्यावरचे शेरे उघड नाहीत.

तालुका_बार:
वह्यांचं मान्य. पण सर्वोच्च न्यायालय म्हणतं दस्तऐवजांना संरक्षण नाही, तर ईमेल हाही दस्तऐवजच की! मग ईमेल कशी वाचते?

पांझराकाठ (धुळे):
हा प्रश्न रास्त आहे, आणि तो निकाल घाईत वाचला की इथेच घसरायला होतं. तिथे बोललं गेलं ते स्वतंत्रपणे अस्तित्वात असलेल्या दस्तऐवजांबद्दल, वकिलाच्या हाती आले तेवढ्याने ते झाकले जात नाहीत या अर्थाने. वकिलाला लिहिलेलं पत्र किंवा ईमेल म्हणजे खुद्द ते बोलणंच. त्यासाठी १२६ मधला ‘कम्युनिकेशन’ आणि ‘सल्ला’ हा भाग आहे, आणि अशिलाकडची प्रत वाचवायला १२९ आहे: कायदेशीर सल्लागाराशी झालेलं गोपनीय बोलणं उघड करायची सक्ती कुणावर करता येत नाही.

गोची जोडपत्रात होते. ईमेलला रोकडवहीच्या पानाचा फोटो जोडलाय. ईमेलचा मजकूर झाकला जाईल, जोडलेलं पान नाही, कारण ते पान मूळ वहीत आहेच. उलट, वकिलासाठी म्हणून मुद्दाम लिहिलेला घटनाक्रम (अमुक तारखेला गाठी गेल्या, अमुक तारखेला पैसे आले) हा बोलण्याचाच भाग आहे.

कापूसगाठ (चोपडा):
प्रतिज्ञापत्र लिहायचं कसं? कारकुनाने दिलेल्या नमुन्यात नुसती एक यादी आहे.

निशाणी_पाच (जळगाव):
तो नमुना फेकून द्या. संहितेच्या परिशिष्ट ‘क’ मधला नमुना क्रमांक ५ घ्या. त्यात पहिल्या अनुसूचीचे दोन भाग आणि शिवाय दुसरी अनुसूची असते.

पहिल्या अनुसूचीचा भाग एक: जे कागद आहेत आणि दाखवायला हरकत नाही. भाग दोन: जे आहेत, पण दाखवायला हरकत आहे. म्हणजे हरकतीचा कागदही *यादीत असतोच*. प्रिव्हिलेज आहे म्हणून कागदाचा उल्लेखच गाळला, तर ते प्रिव्हिलेज सांगणं नव्हे, ते खोटं प्रतिज्ञापत्र. दुसरी अनुसूची: जे कागद पूर्वी होते, आता नाहीत, शेवटी केव्हा होते, त्यांचं काय झालं, आता कुणाकडे आहेत. व्हॅटच्या काळातली मूळ बिलं विभागाने नेली असतील तर ती इथे, पोचपावतीच्या तारखेसह. हा रकाना कोरा ठेवायची सवय आपल्याकडे फार आहे, आणि उलटतपासात पहिला हातोडा तिथेच पडतो.

भाग दोन मधली एक नोंद कशी दिसावी ते लिहितो. तारीख नमुन्यापुरती आहे, तुमची घाला:

‘अ. क्र. १. दि. ४ मार्च २०१६ ची ईमेल, पाने २, प्रतिवादी क्र. १ यांचेकडून त्यांचे वकिलांस. हरकतीचे कारण: दाव्यातील वादविषयाबाबत कायदेशीर सल्ला घेणेकामी वकिलांशी झालेला गोपनीय पत्रव्यवहार, भारतीय पुरावा अधिनियम १८७२ कलम १२६ व १२९.’

एवढंच. तारीख, प्रकार, पाने, कुणाकडून कुणाला, कारण. ईमेलचा ‘विषय’ उतरवून ठेवू नका. विषयाच्या ओळीत ‘११ लाखांच्या नोंदीचं काय सांगायचं’ असं लिहिलेलं असेल, तर यादीतच सगळं फुटलं. दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे ‘वकिलांशी झालेला सर्व पत्रव्यवहार’ असं एका ओळीत गुंडाळणं. त्यावर न्यायालयाला काहीच ठरवता येत नाही, आणि हरकत फेटाळायला आयतं कारण मिळतं.

प्रतिज्ञापत्र पक्षकाराने करायचं. वकिलाने नव्हे, मुनीमजींनीही नव्हे.

सुकीनदी (रावेर):
थोडी भर. नमुना ५ च्या शेवटच्या परिच्छेदात तुम्ही शपथेवर सांगता की याशिवाय दुसरं काहीही माझ्याकडे किंवा माझ्या वकिलाकडे वा एजंटकडे नाही आणि कधी नव्हतं. हिशेबवही, व्हाउचर, पावती, पत्र, टिपण, सगळं नावानिशी येतं त्यात. म्हणून सही करण्याआधी मुनीमजी, सीए, अडत्या आणि वकील या चौघांकडून आपल्या नावाचं काय काय पडलंय ते मागवून घ्या.

कापूसगाठ (चोपडा):
सीएच्या अहवालाचं राहिलं. आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे: आम्ही दोघं, वकील, सीए, मुनीमजी आणि मध्यस्थी करणारे एक पाहुणे.

निशाणी_पाच (जळगाव):
सीए हा वकील नव्हे. १२६ मध्ये बॅरिस्टर, ॲटर्नी, प्लीडर आणि वकील एवढेच आहेत. सीएने दरवर्षी काढलेला ताळेबंद, ऑडिटची टिपणं, त्याचा करविषयक सल्ला, सगळं उघड. तुमचा ताळमेळाचा अहवालही माझ्या मते भाग एक मध्ये जातो.

पांझराकाठ (धुळे):
इथे मी सहमत नाही. तो अहवाल कशासाठी झाला ते पाहा. वकिलाने लेखी सांगितलं की कैफियत लिहिण्यासाठी २०१२ ते २०१६ चा ताळमेळ काढून मला द्या, आणि सीएने तो त्यासाठीच काढून वकिलाला दिला, तर तो अशिलाच्या वतीने वकिलापर्यंत पोचवलेली माहिती आहे. १२६ मध्ये ‘अशिलाने किंवा त्याच्या वतीने’ असे शब्द आहेत. दावा समोर दिसत असताना कायदेशीर सल्ल्यासाठी तयार केलेल्या कागदांना संरक्षण देणारा मुंबई उच्च न्यायालयाचा २००२ चा लार्सन अँड टुब्रो विरुद्ध प्राइम डिस्प्लेज हा निकाल आहे. हाच अहवाल आयकरासाठी काढला आणि मागाहून वकिलाला दाखवला, तर मात्र तुमचं बरोबर.

निशाणी_पाच (जळगाव):
वकिलाचं तसं पत्र असेल आणि तारीख अहवालाच्या आधीची असेल तर मी वाद घालणार नाही. नुसतं ‘तोंडी सांगितलं होतं’ यावर ती हरकत टिकणं कठीण. आणि अहवालाच्या मागच्या वह्या दोन्ही परिस्थितीत उघडच.

ग्रुपबद्दल: मुनीमजी तुमच्या वतीने वकिलाशी बोलतात, चालेल. सीएचं वर आलंच. मध्यस्थ पाहुण्यांसमोर जे लिहिलं ते गोपनीय होतं असं म्हणणं जड जाईल. १२९ मध्ये ‘गोपनीय’ हा शब्द आहे. आज नवा ग्रुप करा, त्यात फक्त पक्षकार आणि वकील. जुना ग्रुप डिलीट करू नका! आदेश झाल्यावर पुसलेला कागद तुमच्या विरुद्धच होता असं गृहीत धरायची मुभा न्यायालयाला ११४ च्या उदाहरण (ग) ने आहे. पाहुण्यांनी केलेल्या तडजोडीच्या बोलण्याला वेगळं कलम आहे, २३: पुराव्यात वापरायचं नाही या अटीवर दिलेली कबुली दिवाणी कामात ग्राह्य नाही. ती अट बोलण्याच्या वेळी घातलेली हवी, किंवा तसं ठरलं होतं हे तेव्हाच्या परिस्थितीवरून दिसायला हवं, नंतर आठवून नव्हे.

वरणगावकर:
पेढीचा पगारी लॉ ऑफिसर असेल तर? आमच्याकडे दालमिलवाले, ठिबकवाले सगळे ठेवतात.

पांझराकाठ (धुळे):
२०२५ च्या त्याच निकालात हा प्रश्न आलाय. पगारी नोकर म्हणून काम करणारा इन-हाउस वकील न्यायालयात वकिली करत नाही, म्हणून १३२ चं संरक्षण त्याला नाही. मालकाच्या बाहेरच्या कायदेशीर सल्लागाराशी त्याने जे बोलणं केलं, त्याला १३४ लागतं. मालक आणि तो स्वतः यांच्यातल्या बोलण्याला त्या नावाखाली नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे जुने निकाल पगारी सल्लागाराला जास्त उदार होते, वर मी दिलेला लार्सनचा धरून. आता ते नुसते पुढे करून भागणार नाही. व्यवहारात एवढंच करा की नाजूक प्रश्न बाहेरच्या वकिलाला लेखी विचारा, आतल्या माणसाच्या टिपणात मत लिहवून घेऊ नका.

तापीचा_पोर (शिरपूर):
भाऊ, मना बी एक सवाल शे. दस्तलेखकाकडे खरेदीखत टंकायला दिलं, त्याला सगळा व्यवहार सांगितला. त्याला साक्षीला बोलावलं तर तो गप्प बसू शकतो का?

सुकीनदी (रावेर):
नाही भाऊ. दस्तलेखक वकिलाचा नोकर असेल तरच १२७. तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेल्याला काहीच संरक्षण नाही. आणि वकील जर मृत्युपत्रावर किंवा खरेदीखतावर साक्षीदार म्हणून सही करून बसला, तर सही कुणी कुणासमोर केली हे त्याला विचारता येतं, कारण तिथे तो साक्षीदार आहे. म्हणून दाव्यात ज्याला उभं करायचंय त्या वकिलाला साक्षीदाराच्या रकान्यात घेऊ नये.

वरणगावकर:
बँकेने कर्ज देताना पॅनलच्या वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतला. आता त्याच शेतीवर वाटणीचा दावा आहे आणि कर्जदार म्हणतो तो रिपोर्ट माझा, मी देणार नाही.

निशाणी_पाच (जळगाव):
फी कर्जदाराच्या खात्यातून कापली तरी त्या वकिलाचा अशील बँक आहे. प्रिव्हिलेज असलंच तर बँकेचं. कर्जदाराला स्वतःची हरकत नाही. बँकेला आदेश १६ नियम ६ खाली कागद हजर करण्याचं समन्स काढता येतं. बँकेला हरकत असली तरी कागद *घेऊन यावं लागतं*, मग १६२ प्रमाणे न्यायालय हरकत ठरवतं. घरी ठेवून ‘हा गोपनीय आहे’ असं पत्र पाठवून चालत नाही. पण खरं तर एवढा खटाटोप कशाला? रिपोर्टमागचे फेरफार, सातबारा, सूची दोन सगळं नक्कल काढून मिळतं. मतापेक्षा नकला जास्त उपयोगी.

कापूसगाठ (चोपडा):
वह्या तपासायला द्यायच्या म्हणजे वकिलांच्या ऑफिसात न्यायच्या का? चालू वह्याही आहेत, हंगाम तोंडावर आलाय.

सुकीनदी (रावेर):
आदेश ११ चा नियम १७ पाहा. तपासणीची नोटीस आल्यापासून १० दिवसांत उलट नोटीस द्यायची, तिच्यापासून ३ दिवसांच्या आतली वेळ ठरवून. काही कागदांना हरकत असेल तर कोणते आणि का, हेही तिथेच. साधे कागद वकिलाच्या ऑफिसात, पण हिशेबाच्या किंवा धंद्यात रोज लागणाऱ्या वह्या नेहमीच्या जागी, म्हणजे पेढीवर. न्यायालय हवं तर नियम १९ प्रमाणे मूळ वहीऐवजी नोंदींच्या नकला द्यायला सांगतं. ज्याने मूळ वहीशी ताडून पाहिलं त्याचं प्रतिज्ञापत्र लागतं, आणि मूळ वहीत खाडाखोड, ओळींमध्ये घुसवलेला मजकूर, बदल आहेत का हे त्यात लिहावं लागतं. मुनीमजींनी ‘काही नाही’ लिहिलं आणि पान ६२ वर व्हाइटनर निघाला, असं नको.

वकिलाने मूळ वहीच्या समासात पेन्सिलीने शेरे मारले असतील तर आताच पाहून घ्या. खोडायचे नाहीत. तेवढे शेरे झाकून पान दाखवायची परवानगी अर्ज देऊन मागा.

गुजराती वह्यांचं भाषांतर लागेल. न्यायालयाने कागद भाषांतराला दिला तर मजकूर गुप्त ठेव असं भाषांतरकाराला बजावता येतं. तो आदेश मोडला तर गुन्हा. जुन्या मोडी वाटणीपत्रांनाही हेच लागू.

तालुका_बार:
आणि भाग दोनवर भांडण झालं तर? बंद लिफाफा?

निशाणी_पाच (जळगाव):
हो. नियम १९ चा उपनियम २. तपासणीच्या अर्जावर प्रिव्हिलेज सांगितलं तर हरकत खरी की खोटी हे ठरवण्यासाठी न्यायाधीश तो कागद स्वतः पाहू शकतात. राज्यकारभारासंबंधीचा असेल तर नाही. लिफाफ्यावर दावा क्रमांक, भाग दोनमधला अ. क्र., पानांची संख्या लिहा, तोंडावर वकिलाची सही. प्रत्येक कागदाला वेगळा लिफाफा. दहा ईमेल एकात कोंबल्या की एकीवरची हरकत फेटाळताना दहाही फाइलला लागण्याचा धोका. रोजनाम्यात (न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) ‘बंद लिफाफा न्यायालयाच्या अवलोकनार्थ’ अशी नोंद आली का ते त्याच दिवशी पाहा, आणि ई-फायलिंगच्या स्कॅनमध्ये ती पानं गेली नाहीत याची खात्री करा. हल्ली घात होतो तो स्कॅनिंगमध्ये.

तापीचा_पोर (शिरपूर):
गेली तर?

पांझराकाठ (धुळे):
कागदाला निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडायच्या आत अर्ज द्या: चुकून दाखल झाला, अशिलाची संमती नव्हती, १२६ आणि १२९ ची हरकत आहे, पुराव्यात घेऊ नये, आदेश १३ नियम ७ प्रमाणे परत मिळावा. उशीर केला तर अवघड, कारण कागद हाती कसा आला यापेक्षा तो संबद्ध आहे का हे आपली न्यायालयं आधी पाहतात.

याहून जास्त वेळा प्रिव्हिलेज जातं ते आपणच बोलल्यामुळे. कैफियतीत नुसतं ‘वकिलांच्या सल्ल्यानुसार’ लिहिलं तर बिघडत नाही. पण सरतपासाच्या, म्हणजे आपल्या स्वतःच्या साक्षीच्या, प्रतिज्ञापत्रात ‘वकिलांनी सांगितल्यामुळे ती रक्कम वहीत दाखवली नाही’ असं आलं, की १२९ चा अपवाद उघडतो: साक्षीचा खुलासा होण्यापुरतं ते बोलणं उघड करायला न्यायालय भाग पाडू शकतं, त्यापलीकडे नाही. विलंब माफीच्या अर्जात ‘वकिलांनी चुकीची मुदत सांगितली’ लिहिणाऱ्यांचंही तेच. ते कारण घेतलंत तर मुदतीबद्दलचा सल्ला उघडा पडणार हे धरून चाला.

आणि वहीतल्या नोंदी बदलायला वकिलाची मदत घेतली असा आरोप असेल, तर १२६ चं परंतुक (अपवाद) आहे. बेकायदेशीर हेतूसाठीच्या बोलण्याला संरक्षण नाही. झालेल्या चुकीवर सल्ला मागणं मात्र संरक्षितच.

कापूसगाठ (चोपडा):
शेवटचं. वकील बदलायचे ठरले तर जुन्या वकिलांनी फीसाठी फाइल अडवली तर? आणि मुदतीत प्रतिज्ञापत्र झालंच नाही तर?

निशाणी_पाच (जळगाव):
फीसाठी फाइल अडवता येत नाही. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा, सर्वोच्च न्यायालय, २०००. फी वसुलीचा मार्ग वेगळा. फाइल घेताना पानं मोजून यादीवर दोघांच्या सह्या घ्या. ती यादी नमुना ५ भरायला कामी येते.

मुदत चुकू देऊ नका. आदेश ११ च्या नियम २१ खाली प्रतिवादीचा बचाव काढून टाकता येतो, वादी असेल तर दावा फेटाळला जातो. बब्बर सुइंग मशीन विरुद्ध त्रिलोक नाथ महाजन (१९७८) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की हे टोकाचं पाऊल हेतुपुरस्सर टाळाटाळ असेल तरच. म्हणून मुदतवाढीचा अर्ज मुदत संपायच्या आधी, कारणासह. नियम २१ च्या आदेशावर आदेश ४३ नियम १(फ) खाली अपील आहे. नुसती हरकत फेटाळून कागद दाखवा असा आदेश झाला तर अपील नाही, संविधानाच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका. पण तिथे जायच्या आधी खालच्या कोर्टात आदेशाला स्थगिती मागा, नाहीतर याचिकेला नंबर पडेपर्यंत ईमेल वादीच्या हातात गेलेली असेल.